व्हिडिओ लावण्याआधी वहीत अंदाज लिहून घ्या

घाटंजी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षणसेवक ताईंचा प्रश्न आहे. त्या सहावी-सातवीला विज्ञान शिकवतात. ग्रामपंचायतीच्या निधीतून शाळेला ४३ इंची स्मार्ट टीव्ही मिळाला. पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून त्या रोज एक-दोन व्हिडिओ दाखवतात. मुलं गप्प बसून बघतात, 'अजून एक लावा' म्हणतात, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर कोणालाच काही सांगता येत नाही. त्यात लाईन जाते, नेट चालत नाही, वर्गात कोलाम आणि बंजारा घरची मुलं आहेत. 'माझं काय चुकतंय? की व्हिडिओच बंद करू?' असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, व्हिडिओ बंद करू नका. पण रोज दाखवणं मात्र आजच थांबवा. आठवड्यातून एक, तोही तीन मिनिटांच्या आतला, एवढं पुरे आहे. आणि तो तासाच्या सुरुवातीला लावू नका. मुलांनी आधी हाताने काही करून पाहिलं पाहिजे, काय होईल ते वहीत लिहिलं पाहिजे, एकमेकांशी भांडलं पाहिजे. त्यानंतर टीव्ही सुरू करा. माझी सव्वीस वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये विज्ञान शिकवण्यात गेली. सीडी प्लेयर आला, मग लॅपटॉप आणि प्रोजेक्टर, मग टॅब, मग टीव्ही. दर वेळी नवं यंत्र आलं की मी तुमच्यासारखंच केलं, म्हणजे पाठ निघाला की व्हिडिओ लावला. आणि दर वेळी मला तुमच्यासारखाच अनुभव आला.

मुलं गप्प बसून बघतात याचा अर्थ ती शिकतात असा नाही. डेरेक मुलर नावाचे एक गृहस्थ आहेत, पुढे व्हेरिटासियम या विज्ञानाच्या व्हिडिओंच्या चॅनेलमुळे ते जगभर माहीत झाले. २००८ साली सिडनी विद्यापीठात त्यांनी याच विषयावर पीएच.डी. केली. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या कॉलेजच्या मुलांपैकी काहींना त्यांनी सरळ, स्वच्छ समजावून सांगणारा व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या काहींना दाखवलेल्या व्हिडिओत एक विद्यार्थी आपली चुकीची समजूत बोलून दाखवतो आणि मग त्यावर चर्चा होते. पहिल्या गटातली मुलं म्हणाली, छान होता, सोपा होता, समजलं. पण परीक्षेत त्यांची फारशी प्रगती दिसली नाही. दुसऱ्या गटातली मुलं म्हणाली, गोंधळायला झालं. शिकली मात्र तीच जास्त. कारण स्वच्छ व्हिडिओ बघताना मुलाला वाटतं, हे तर मला माहीतच आहे. त्याच्या डोक्यातली समजूत आणि पडद्यावरची गोष्ट वेगळी आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. उलट जुनी समजूत आणखी पक्की होते.

ती कॉलेजची मुलं होती आणि विषय न्यूटनच्या नियमांचा होता. पण आपल्या वर्गात हेच कसं घडतं ते मला एका माठाने शिकवलं.

सांद्रीभवन, म्हणजे वाफेचं पाणी होणं, शिकवायचं होतं. गार पाण्याच्या पेल्याबाहेर थेंब जमतात ते कुठून येतात, याचा तीन मिनिटांचा सुंदर व्हिडिओ माझ्याकडे होता. हवेतल्या वाफेचे निळे गोळे येतात, पेल्याला चिकटतात, त्यांचा थेंब होतो. आवाजही मराठीत. मुलांनी मन लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर बहुतेकांनी सांगितलं की पाणी आतून बाहेर आलं. मला राग आला. एका मुलाला विचारलं, अरे, स्टीलच्या पेल्यातून पाणी बाहेर कसं येईल? तो म्हणाला, "मडक्यातून पाझरते ना जी, तसंच गिलासातून बी पाझरलं."

त्याचं काय चुकलं होतं? जन्मल्यापासून त्याने घरात माठ पाहिला आहे. माठाचं पाणी थेंबाथेंबाने बाहेर पाझरतं, बाहेरचा ओलावा सुकतो आणि म्हणूनच आतलं पाणी गार राहतं. माठाच्या बुडाखाली ठेवलेली ताटली भरते. गार पाणी आणि बाहेरून ओलं भांडं, ही जोडी आपल्या मुलांनी हजार वेळा पाहिली आहे, आणि त्या हजार वेळा पाणी खरंच आतून आलेलं होतं. म्हणजे मुलाने डोळ्यांनी पाहिलेल्यावरून तर्क केला होता. व्हिडिओ बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर फ्रीज होता, माठ नव्हता. त्यामुळे मुलाच्या मनात जे होतं त्याला व्हिडिओने हातच लावला नाही.

त्यानंतर मी तो पाठ असा घेतो. स्टीलचा पेला, त्यात बर्फ आणि निळी शाई टाकलेलं पाणी, वर झाकण. शेजारी छोटं मडकं, पाण्याने भरलेलं. मुलांनी आधी वहीत लिहायचं: पेल्याबाहेर थेंब आले तर ते निळे असतील की बिनरंगी, आणि का. मग थेंब आले की पांढऱ्या फडक्याने पुसून बघायचं. फडकं निळं होत नाही. इथे अर्धा वर्ग गप्प होतो. पण एखादा हुशार पोरगा म्हणतोच की रंग आत राहिला आणि पाणी तेवढं गाळून बाहेर आलं. त्याला नावाजा, कारण तो विज्ञानच बोलतो आहे. त्याच्यासाठी काटा काढायचा. एका ग्रॅमचाही फरक दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा मिळतो, तो शाळेत असावाच. पेला ताटलीत ठेवून ताटलीसकट वजन करायचं, अर्ध्या तासाने पुन्हा करायचं. पावसाळी हवेत पेला दोन-चार ग्रॅमने जड होतो. मडकं हलकं होतं. पाणी आतून बाहेर येत असतं तर पेला जड कसा झाला? त्या दिवशी मुलांमध्ये जे बोलणं होतं ते ऐकत राहावं, शिक्षकाने मध्ये पडू नये.

आणि आता तो व्हिडिओ. पूर्ण नाही, फक्त गोळे पेल्याला चिकटतात तेवढी चाळीस सेकंदं, आवाज बंद करून. आता त्या गोळ्यांना अर्थ आहे, कारण मुलांना ज्याचं उत्तर हवं होतं तेच पडद्यावर दिसतं आहे. तरी एक गोष्ट सांगाच: गोळे निळे रंगवलेत ते आपल्याला दिसावेत म्हणून, वाफ निळी नसते आणि डोळ्यांना दिसतही नाही. हे न सांगितल्यामुळे माझ्या एका वर्गाने परीक्षेत वाफेचा रंग निळा असं लिहिलं होतं.

या प्रयोगाला ऋतू आहे, हेही व्हिडिओत कोणी सांगत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की माठाच्या पाण्याने भरलेल्या पेल्यावर थेंब धरतच नाहीत, आणि बर्फाच्या पेल्यावर धरले तरी थोडेच. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र साध्या गार पाण्यानेही पेला ओला होतो. कूलरचं बरोबर उलटं आहे. मे महिन्यात तो घर गार करतो, जुलैमध्ये नुसता दमटपणा वाढवतो. बाष्पीभवन आणि सांद्रीभवन या दोन पाठांसाठी विदर्भाइतकी चांगली प्रयोगशाळा मला माहीत नाही.

आता तास कसा चालवायचा ते सांगतो. दाखवायचा व्हिडिओ आदल्या दिवशी घरी दोनदा पाहा आणि कुठे थांबवायचा ते चिठ्ठीवर लिहून ठेवा, मिनिट आणि सेकंदासकट. थांबवण्याची जागा म्हणजे उत्तर दिसण्याच्या आधीचा क्षण. तिथे थांबवून मुलांना दोन ओळी लिहू द्यायच्या: पुढे काय होईल, आणि मला तसं का वाटतं. दुसरी ओळ महत्त्वाची. तोंडी विचारलं तर वर्गातला हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. लिहिलं की प्रत्येकाला आपली बाजू घ्यावी लागते. मग हात वर करून मोजणी घ्या, फळ्यावर आकडे लिहा. तुमचा चेहरा मात्र कोरा ठेवा, कारण मुलं उत्तर आपल्या तोंडावरून वाचतात.

याला सगळ्यात सोपा नमुना चंद्रावरच्या हातोडीचा आहे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरलं आणि दोन्ही एकदम सोडलं. चित्रण जेमतेम मिनिटभराचं आहे आणि नासाने ते सर्वांना खुलं ठेवलं आहे. त्याआधी वर्गात कागद आणि दगड टाकून बघा. मग कागदाचा बोळा करून टाका. मग वहीवर वहीपेक्षा लहान कागद ठेवून दोन्ही मिळून खाली सोडा, कागद वहीला चिकटल्यासारखा तिच्याबरोबर खाली येतो. आता व्हिडिओ लावा आणि हात उघडण्याच्या क्षणी थांबवा. दर वर्षी तीन गट पडतात. काही म्हणतात हातोडी आधी, काही म्हणतात दोन्ही बरोबर, आणि चांगला मोठा गट म्हणतो की पीस वर उडून जाईल, कारण तिथे हवा नाही. हवा वस्तूला खाली दाबून धरते ही समजूत तिथे बाहेर येते. मी नुसतं समजावून सांगितलं असतं तर ती मला कधीच कळली नसती. दोन्ही बरोबर पडलेले पाहिल्यावर वर्गात जो गलका होतो, तो होऊ द्या. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, तिथं कॅमेरा कोनं धरला?" कॅमेरा चंद्रावरच्या गाडीवर बसवलेला होता आणि पृथ्वीवरून फिरवला जात होता. या एका प्रश्नातून पुढचे दोन तास चालले.

त्या प्रश्नामुळे मी एक सवयच लावून घेतली. कोणताही व्हिडिओ सुरू झाला की मुलांनी आधी सांगायचं, हे खरं चित्रण आहे की काढलेलं चित्र? २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी चंद्रयान ३ उतरलं तेव्हा गावातली मुलं, आईबाप सगळे शाळेत जमले होते. उतरताना पडद्यावर दिसत होतं ते बरंचसं संगणकाने तयार केलेलं दृश्य होतं, बाजूला वेग आणि उंचीचे आकडे येत होते. बऱ्याच मुलांना वाटलं की बाहेरून कोणी तरी यानाचं शूटिंग करतंय. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, पण सांगितलं पाहिजे. लँडरच्या कॅमेऱ्याने टिपलेलं खरं दृश्य नंतर आलं. ते दोन्ही शेजारी शेजारी दाखवले की फरक मुलं स्वतःच सांगतात.

काय दाखवायचं याबद्दल माझं मत ठाम आहे. जे गावात दिसतं, हातात धरता येतं, ते पडद्यावर दाखवू नये. मूळ, खोड, पान, बीज रुजणं, चुंबक, साधा विद्युत परिपथ यांचे व्हिडिओ लावणं म्हणजे मुलांच्या हातातली गोष्ट काढून घेणं. वावरात जी मुलं रोज वावरतात त्यांना पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, फूल टीव्हीवर कशाला? टीव्ही ठेवा त्या गोष्टींसाठी ज्या लहान आहेत, दूर आहेत, फार हळू किंवा फार भरभर घडतात, किंवा धोक्याच्या आहेत. हृदयाच्या झडपा, परागनलिका, वीज कोसळणं, ज्वालामुखी.

ज्वालामुखीचं तर आपल्याकडे फार छान जमतं. वाहत्या लाव्हाचा व्हिडिओ मुलांना दूरदेशीचा तमाशा वाटतो. पण त्याआधी विहीर खोदताना निघालेला काळा दगड मुलांना आणायला सांगा. तो बेसॉल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अशाच लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. काही दगडांत भोकं दिसतात, ती लाव्हामधल्या वायूच्या बुडबुड्यांची. आपली काळी, कापसाची माती याच दगडाची झीज होऊन बनली. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर याच दगडात उल्का आदळून झालेलं आहे. हातात तो दगड असताना लाव्हाचा दोन मिनिटांचा तुकडा पाहिलेली मुलं घरी जाऊन बापाला सांगतात की आपलं वावर ज्वालामुखीतून आलं. हे मला पालकांनीच येऊन सांगितलं आहे.

हळू घडणाऱ्या गोष्टींच्या व्हिडिओत एक सापळा असतो. फुलपाखराच्या रूपांतरणाचा व्हिडिओ सगळ्यांकडे आहे. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू, सगळं एका मिनिटात. मुलांना वाटतं की ते तेवढ्यातच होतं. म्हणून मी आधी बरणी ठेवतो. आपल्या मुलांना बोंडअळीची ओळख करून द्यावी लागत नाही. डोमकळी (अळीने किडलेलं, न उमललेलं फूल) आणि कवडी (किडलेल्या बोंडातला खराब कापूस) हे शब्द त्यांना पुस्तकाआधी येतात. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने आपल्या भागाचं काय केलं हे त्यांच्या घरात घडलेलं आहे. किडलेलं बोंड बरणीत ठेवायचं, वर पातळ फडकं बांधायचं, रोज बघून तारीख टाकून चित्र काढायचं. अळी कोषात जाते, आठ-दहा दिवसांनी एक सकाळ येते की बरणीत करड्या रंगाचा छोटा पतंग बसलेला असतो. ती वही पूर्ण झाली की मग एका मिनिटाचा व्हिडिओ दाखवा आणि विचारा, यात किती दिवस दाबून बसवले आहेत? आमच्या मुलांनी स्वतःच्या वहीवरून व्हिडिओच्या सेकंदांचे दिवस करून दाखवले होते. कामगंध सापळा, म्हणजे मादी पतंगाच्या गंधाचं आमिष असलेला सापळा, शेतात कशासाठी लावतात आणि त्यात नर पतंगच का सापडतात, हे त्याच आठवड्यात शिकवून होतं. बोंड मात्र हल्ली फवारलेल्या वावरातलं नको, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय कोणी खिचडीला बसायचं नाही. २०१७ मध्येच आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या घरांतली मुलं आपल्या वर्गात बसतात, म्हणून हे शांतपणे, नीट सांगा.

अंतराचाही असाच सापळा आहे. सूर्यमालेच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत ग्रह एकमेकांना खेटून फिरताना दिसतात, कारण खऱ्या प्रमाणात दाखवले तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. म्हणून आधी मैदानात जा. ज्वारीचा चार मिलिमीटरचा दाणा ही पृथ्वी. मग चंद्र म्हणजे राजगिऱ्याचा दाणा, तो बारा सेंटिमीटरवर ठेवायचा. सूर्य म्हणजे सुमारे ४४ सेंटिमीटरची परात, आणि ती ज्वारीच्या दाण्यापासून ४७ मीटर दूर. परात धरून एका मुलाला मैदानाच्या टोकाला पाठवा. मुलं हातातल्या दाण्याकडे आणि लांब उभ्या परातीकडे आळीपाळीने बघतात. त्यानंतर व्हिडिओ लावलात तर तीच सांगतील की यात काय खोटं आहे.

व्हिडिओ चुकीचाही असू शकतो, आणि हे मी फार उशिरा शिकलो. पाण्याच्या ताटलीत मेणबत्ती लावून वर काचेचा पेला पालथा घालायचा, मेणबत्ती विझते आणि पाणी पेल्यात चढतं. कितीतरी व्हिडिओ सांगतात की हवेतला एकपंचमांश ऑक्सिजन जळून गेला म्हणून तेवढंच पाणी चढलं. मी कितीतरी वर्षं हेच शिकवत होतो. एकदा सातवीतली एक मुलगी प्रयोगाकडे वाकून बघत होती. म्हणाली, "सर, जळत होती तवा पाणी चढलं नाही. विझल्यावरच काऊन चढलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑक्सिजन संपत जातो म्हणून पाणी चढत असतं, तर ते जळत असताना हळूहळू चढायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तीन मेणबत्त्या लावून तोच प्रयोग केला. पेला तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढलं. मुख्य कारण उष्णतेचं आहे. पेला घालताना ज्योतीने हवा तापून फुगते, काही हवा बुडबुड्यांतून बाहेर जाते, ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच मेणबत्ती विझते. त्या मुलीमुळे मी आधीच्या तुकड्यांतल्या, गावातच असलेल्या मुलांना गाठून सांगितलं की मी चुकीचं शिकवलं होतं. तेव्हापासून प्रयोगाचा व्हिडिओ असेल तर आधी तो प्रयोग मी स्वतः करतो. जमला नाही तर तो व्हिडिओ लावत नाही.

चूक नसलेला, पण आपल्या गावाचा नसलेला व्हिडिओही घोटाळा करतो. जलचक्राच्या व्हिडिओत बर्फाचे डोंगर आणि समुद्र, मध्ये काही नाही. आमच्या मुलांनी लिहिलं की वाफ फक्त समुद्राची होते. तळं, ओल्या वावरातली माती, तुरीचं पान यांचं नावच नाही. दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला दाखवणारे व्हिडिओ कर्कवृत्ताच्या वरच्या देशांत बनतात. आपण कर्कवृत्ताच्या खाली आहोत. मेच्या २०-२२ तारखेच्या सुमारास भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते आणि त्यानंतर जुलैच्या २१-२३ तारखेपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो. उन्हामुळे आपल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मेचा तो दिवस सुट्टीत जातो. सुट्टीचा अभ्यास म्हणून काठीची सावली मोजायला सांगितली तर काही मुलं करतातच.

आता लाईन आणि नेट. वर्गात नेटवर कधीही अवलंबून राहू नका. पुस्तकातले क्यूआर कोड ज्यात उघडतात त्या सरकारी दीक्षा ॲपवरचे पाठ मोबाईलमध्ये उतरवून ठेवता येतात. रेंज असेल तिथे, तालुक्याला गेल्यावर, उतरवून घ्या. साध्या फाइलच्या रूपात मिळणारे व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाका. टीव्हीला पेनड्राइव्ह थेट लागतो. चित्र फार बारीक दर्जाचं नको, ७२० चं पुरतं. प्रत्येक फाइलला पाठाचं नाव आणि थांबवायची वेळ द्या, म्हणजे पुढच्या वर्षी शोधायला नको. लाईन गेली तर? व्हिडिओ तीन मिनिटांचाच असेल आणि तोही तासाच्या शेवटी असेल, तर लाईन गेल्याने तासाचं काही बिघडत नाही. उद्या दाखवायचा. ज्यांचा तासच व्हिडिओवर उभा असतो त्यांचा तास लाईनबरोबर जातो. इन्व्हर्टर लोकवर्गणीतून झाला तर उत्तम, एवढ्या टीव्हीला शंभर वॅटच्या आतबाहेरच वीज लागते.

४३ इंची टीव्ही मागच्या रांगेला पुरत नाही. बाकं सरकवा, मुलांना ताटपट्टीवर जवळ बसवा, खिडक्यांना पोती लावा, नाहीतर उजेडाने काही दिसत नाही. टिनाच्या छपरावर पाऊस सुरू झाला की टीव्हीचा आवाज ऐकूच येत नाही. त्याची काळजी करू नका, आवाज बंदच ठेवायचा आहे.

आवाज बंद ठेवण्याचं खरं कारण भाषा आहे. व्हिडिओतली मराठी पुण्या-मुंबईच्या स्टुडिओतली असते, वेगही जास्त असतो. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलालाही ती अर्धीच पोचते. ज्या मुलीच्या घरी कोलामी किंवा गोरमाटी बोलतात तिला एकाच वेळी नवी भाषा, नवे शब्द आणि नवं चित्र सांभाळायचं असतं. म्हणून चित्र तेवढं दाखवा, तुम्ही तुमच्या आवाजात, थांबत थांबत बोला. मग त्याच तुकड्यावर मुलांना बोलायला लावा. माझ्या वर्गात एक कोलाम मुलगी होती, वर्षभर फारशी बोलली नव्हती. हृदयाचा मूक तुकडा तिने तिच्या भाषेत आपल्या पाड्यावरच्या लहान मुलांना समजावला आणि त्यांनी तिला प्रश्न विचारले. मला एक शब्द कळला नाही, पण तिचा हात झडप उघडण्या-मिटण्याची खूण अगदी बरोबर करत होता. 'निलय', 'अलिंद' हे शब्द तिला पुढच्या आठवड्यात सहज आले. आधी अर्थ आला की शब्द बसतो.

व्हिडिओ शोधताना अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांचे छोटे व्हिडिओ आधी बघा. ते पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं काम करत होते, २०१८ ला त्यांना पद्मश्री मिळाली. रबरी नळी, काडेपेटी, स्ट्रॉ, बाटलीची झाकणं यांतून खेळणी बनवायची, एक-दोन मिनिटांत. बरेच मराठीत आहेत, मोफत उतरवता येतात. बघून झालं की मुलांचे हात आपोआप काही तरी शोधायला लागतात. विद्युत परिपथासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहे, त्यात मुलं स्वतः तारा जोडू शकतात. पण आधी खरा सेल, खरा बल्ब, खरी तार. पडद्यावर तार कधी सैल होत नाही, आणि सैल तार शोधणं हाच तर त्या पाठाचा अर्धा भाग आहे.

राहिले मुख्याध्यापक. टीव्ही आला आहे तर वापर दिसला पाहिजे, नोंदवहीत रोज व्हिडिओ पाहिजे, असा दबाव येतो हे मला माहीत आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. अंदाजाची वही त्यांच्या टेबलावर ठेवा. 'व्हिडिओ दाखवला' अशा नोंदीपेक्षा मुलाच्या अक्षरातला आधीचा अंदाज आणि नंतरचा बदललेला विचार केंद्रप्रमुखांनाही जास्त पटतो. मला तरी त्यावरून कोणी नाव ठेवलं नाही.

तुमचा प्रश्न जुलैत आला आहे, म्हणजे हवा ओली आहे. येत्या सोमवारी पेला, बर्फ, शाई आणि मडकं घेऊन जा. बर्फ चौकातल्या थंड पेयाच्या दुकानातून थर्मासमध्ये आणा. टीव्ही बंदच ठेवा. थेंब कुठून आले याचं प्रत्येकाचं उत्तर आणि कारण तारखेसह लिहून घ्या, कोणाचंही खोडायला सांगू नका. वजनं मंगळवारी, चाळीस सेकंदांचा व्हिडिओ बुधवारी. मार्चमध्ये गावात कूलर लागले की तोच पेला पुन्हा आणा. या वेळी थेंब नीट धरणार नाहीत. तेव्हा मुलांना जुलैचं पान उघडायला लावा आणि विचारा, पेला तोच, बर्फ तोच, मग बदललं काय?